यीस्टमधील परकीय प्रथिननिर्मिती
दुसऱ्या जीवातील जीन (जनुक, आनुवंशिक लक्षणाचे एकक) यीस्टच्या कोशिकेत (पेशीत) घालून तिच्याकडून त्या जीवाचे प्रथिन तयार करवून घेण्याची क्रिया. यकृतशोथ-बी (हिपॅटायटीस-बी) या रोगावरील लस, इन्शुलिन इ. पदार्थ या रीतीने मिळवितात. पूर्वी ही लस रोगवाहकांच्या रक्तद्रवापासून बनवीत. या विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन यीस्टमध्ये तयार केल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले व अशा लशीस अमेरिकेत १९८६ मध्ये परवाना मिळाला. पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची ‘जीन व्हॅक-बी’ ही लस हॅन्सेन्यूला पॉलिमॉर्फा या यीस्टमध्ये निर्माण केलेल्या प्रतिजनापासून बनविलेली आहे. तथापि परकीय प्रथिनाचा भार कोशिकेच्या विभाजनावर व जगण्यावर पडतो.

विभाजनावरील परिणाम : पावासाठी वापरले जाणारे यीस्ट (सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी) मुकुलनाने, म्हणजे कळीसारखा फुगवटा येऊन, विभागते. भरपूर पोषण असल्यास एका पिढीस सु. ९० मिनिटे लागतात. मुकुल फुटण्यापूर्वी कोशिकेला पुरेसे आकारमान गाठावे लागते. रिबोसोम, ॲमिनो अम्ले व ऊर्जा परकीय प्रथिनाकडे वळल्यास तिची वाढ मंदावते आणि मुकुलनपूर्व अवस्था लांबते. परकीय जीन प्लाझ्मिडावर (रंगसूत्राबाहेरील डीएनए वलयावर) असल्यास काही संततिकोशिकांतून ते गळून पडते व अशा भारमुक्त कोशिका वेगाने वाढतात. उदा., भारमुक्त कोशिका ९० व भारवाही कोशिका १०० मिनिटांनी विभागते आणि पोषण अखंड मिळते असे मानल्यास ६० तासांत त्यांच्या अनुक्रमे ४० व ३६ पिढ्या होतात. प्रारंभी दोहोंची संख्या सारखी असली, तरी अखेरीस भारमुक्त कोशिका १६ पट होतात व उत्पादन घटते.

जगण्यावरील परिणाम : स्रवणाऱ्या प्रथिनांना अंतर्द्रव्य जालिकेत योग्य घड्या पडाव्या लागतात. घडी न पडलेली प्रथिने साचली की कोशिका घडी घालण्यास साहाय्य करणारी प्रथिने वाढविते आणि सदोष प्रथिनांचे विघटन करते. प्रथिनांतील गंधकाचे बंध जुळताना हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. हा ताण दीर्घकाळ टिकल्यास वाढ थांबते व अनेक कोशिका मरतात.

उपाय : परकीय जीन रंगसूत्रातच समाविष्ट केल्यास तो सहसा गळून पडत नाही. तसेच कोशिकांची वाढ व प्रथिननिर्मिती हे टप्पे वेगळे ठेवतात. हॅन्सेन्यूलामध्ये मेथॅनॉलाच्या चयापचयाशी संबंधित नियंत्रक वापरतात. ग्लुकोज विपुल असताना तो बंद राहतो. ते संपल्यावर व मेथॅनॉल दिल्यावर कार्यान्वित होतो. त्यामुळे आधी कोशिकांची संख्या वाढविता येते व भार नंतर टाकता येतो. जीनच्या प्रती वाढविल्याने उत्पन्न त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही. कोशिकेस पेलेल इतकाच भार लाभदायक ठरतो.