मिठाच्या पाण्यावर तासभर

बाहेरून काहीच संवेदना पोचली नाही, तर मेंदू झोपी जातो का? अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन लिली यांनी १९५४ मध्ये हे तपासायला माणसाला मुखवटा चढवून कोमट पाण्यात बुडवलं. मेंदू जागाच राहिला. शरीर मात्र सैलावलं. ‘फ्लोट थेरपी’चं मूळ हे.

आता मुखवटा लागत नाही. झाकण असलेल्या टाकीत जेमतेम फूटभर पाण्यात शेकडो किलो एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवलेलं असतं. पाणी इतकं दाट होतं की पोहता न येणाराही आपसूक तरंगतो. तापमान त्वचेइतकं, साधारण ३५ अंश सेल्सिअस. थोड्या वेळाने अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, हेच कळेनासं होतं. मानेचे स्नायू दिवसभर डोकं पेलतात. इथे त्यांनाही सुट्टी.

ताण खरंच उतरतो? ओक्लाहोमातल्या टल्सा इथे जस्टिन फाइनस्टाइन यांच्या गटाने चिंताविकार असलेल्या ५० जणांना तासभर तरंगवलं. चिंता लक्षणीय घटली, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तरंगण्याऐवजी दुसरं काही केलेला गट मात्र त्यात नव्हता. म्हणून हे औषधोपचाराला पर्याय नाही. ‘त्वचेतून मॅग्नेशियम मिळतं’ ही जाहिरात तर मी सोडूनच देईन. त्याला भक्कम पुरावा नाही.

बंद जागेची भीती वाटत असेल तर झाकण उघडं ठेवता येतं. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि त्या दिवशी दाढी करू नये: एवढ्या मिठात बारीकसा कापही चांगलाच झोंबतो.