तबकडीचं पाकीट आणि वऱ्हाडचं ऊन

सातपुड्याच्या पायथ्याचं शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. मृग बहारासाठी ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, तर ऊन-पाण्याचा हिशोब चोख लागतो. तो इथे पिढ्यान्‌पिढ्या ठेवला जातो. घरातल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या वाट्याला मात्र हा हिशोब क्वचितच येतो. त्या जुन्या पाकिटांत असतात आणि पाकीट आहे म्हणजे तबकडी सुरक्षित आहे, असं धरून चाललं जातं. माझं म्हणणं उलट आहे. जुनं पाकीट आता रखवालदार म्हणून निकामी झालं आहे आणि कागदपत्र म्हणून मोलाचं झालं आहे. त्याच्याकडून पहिलं काम काढून घेतलं, तरच दुसरं वाचेल.

आधी तबकडीचं पाहू. मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून होत असे. 1948 नंतर जगभर पसरलेली एलपी व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीच्या जातीच्या प्लॅस्टिकची. भारतात लाखेच्या तबकड्या 1970च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या, इतक्या उशिरापर्यंत की बीटल्सची गाणीही इथे 78 फेऱ्यांवर मिळत. त्यामुळे आपल्याकडच्या एकाच ढिगात दोन्ही जाती सापडतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पिकेट आणि लेम्को यांच्याकडून करून घेतलेला ध्वनिमुद्रणांच्या जतनावरचा अभ्यास 1959 साली प्रसिद्ध झाला. तो सांगतो की लाख तबकडी झाल्यावरही आतल्या आत पिकत राहते, उष्णता व दमट हवा ही क्रिया वाढवतात आणि तबकडी हळूहळू ठिसूळ होते. व्हिनाइल त्या मानाने टिकाऊ. त्याला नडते ती उष्णता, अतिनील प्रकाश आणि चुकीची ठेवण. व्हिनाइल मऊ पडायला साधारण 70 अंशांच्या आसपास तापमान लागतं हे खरं, पण वजन एकीकडे कललेलं असेल तर त्याच्या बऱ्याच खाली ते वाकायला लागतं. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा 45 अंशांना टेकतो आणि टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून कितीतरी तापतो. तिथे एकावर एक रचलेल्या एलपींचा विचार करा. पाकिटासकट एक एलपी 250 ग्रॅमच्या आसपास भरते. 100 एलपींच्या थप्पीत तळच्या तबकडीवर 20 ते 25 किलोंचा भार येतो. म्हणून तबकड्या उभ्याच हव्यात, ताठ, थोड्या थोड्या अंतरावर आडोसा देऊन. जागाही माळ्यावरची नको, खालच्या मजल्यावरची आतली खोली हवी. धाब्याचं जुनं घर असेल तर त्याच्या जाड भिंतींइतकं चांगलं कपाट विकत मिळणार नाही.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. बुरशी व्हिनाइल खात नाही; ती पाकिटाचा कागद, त्याची खळ, तबकडीवरची धूळ आणि बोटांचे तेलकट ठसे यांवर वाढते. म्हणजे ज्या कागदाने राखायचं, तोच रोगाचं घर होतो. शिवाय आतलं स्वस्त कागदी पाकीट काळाने आम्लधर्मी, खरखरीत होतं आणि तबकडी काढता-घालताना त्याची कूस खाचांत जाते. एलपीची खाच केसाहून बारीक असते, तिथे एवढं पुरतं. बाहेरच्या पुठ्ठ्यावर आतल्या तबकडीच्या कडेचा गोल वळ उमटतो, शिवण फाटते.

आणि हाच पुठ्ठा गमावणं आपल्याला परवडणारं नाही. वसंतराव देशपांडे 1920 साली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात जन्मले. सुरेश भट 1932 साली अमरावतीत. एकाचा आवाज आणि दुसऱ्याचे शब्द घरोघर पोचले त्यात तबकड्यांचा वाटा मोठा. गाणं आज फोनवर मिळतं, हा आक्षेप इथे येणारच. ध्वनीपुरता तो रास्त आहे. पण फोनवर गायकाचं नाव ठळक असतं आणि कवी पुष्कळदा गायब. हार्मोनियमला कोण, तबल्याला कोण हे तर विचारूच नये. एलपीच्या पाठपुठ्ठ्यावर हे छापलेलं सापडतं. 78 फेऱ्यांच्या कागदी पाकिटांवर सुयांच्या, यंत्रांच्या जाहिराती असत आणि अनेकदा विक्रेत्याचा शिक्का. कोणत्या शहरातून कोणतं संगीत लहान गावांत उतरलं, याचा एवढा स्वस्त पुरावा दुसरा नाही.

‘इतकी वर्षं माळ्यावर होत्या, काही झालं नाही’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. मात्र तो वाचलेल्या तबकड्यांकडे पाहून केलेला असतो. ज्या वाकल्या, फुटल्या, भंगारात गेल्या त्या साक्षीला येत नाहीत. दुसरा मार्ग चकचकीत जाड प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा. ते मऊ पीव्हीसीचं असेल तर त्यातलं मऊपणा देणारं रसायन उन्हाळ्यात पाझरून तबकडीवर पुसता न येणारं धुकं धरतं. हवं ते पॉलिएथिलीनचं पातळ आतलं पाकीट. नवी एलपी ज्या ताणलेल्या कागदासारख्या प्लॅस्टिकमध्ये येते तेही काढून टाकावं, कारण ते पुढेही आकसत राहून पुठ्ठ्यासकट तबकडीला वाकवतं. खर्चाची तक्रार राहतेच. मग आधी रोज वाजणाऱ्या नव्हे, पुन्हा न मिळणाऱ्या तबकड्यांना पाकिटं घालावीत. पुसण्यासाठी स्पिरिट मात्र लाखेच्या तबकडीला कधीच लावू नये, लाख त्यात विरघळते.

नव्या पाकिटातली तबकडी जुन्या पाकिटाच्या पाठीला लावून दोन्ही एकत्र उभी ठेवली, तर जोडी तुटत नाही आणि घासाघीसही थांबते. जाणकार इथे एक योग्य शंका काढतील: 78 फेऱ्यांची पाकिटं सर्रास अदलाबदल होत, दुकानदारही हाताला येईल ते देई, मग त्या शिक्क्यावर भरवसा किती? थोडाच. म्हणून तबकडीच्या लेबलावरचा क्रमांक आणि पाकिटावरचा शिक्का यांच्या वहीत दोन वेगळ्या नोंदी कराव्यात आणि त्या एकत्र सापडल्या, एवढंच पुढे लिहावं.