लुइस : एका बडतर्फ अबकारी अधिकाऱ्याचं गाव

लंडनहून सकाळी जाऊन रात्री परतण्याजोगी गावं विचारली, की आपली मंडळी बाथ, ऑक्सफर्ड, विंडसर ही नावं घडाघडा सांगतात. लुइसचं नाव त्यात नसतं. मी तिथं गेलो तो जोतीराव फुल्यांमुळे. १८४७च्या सुमारास, ऐन विशीत, जोतीरावांनी टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे आपण त्यांच्या चरित्रांत वाचत आलो आहोत. हा पेन कुणी लंडनचा पंडित असावा, असा आपला सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत तो ससेक्समधल्या या गावी अबकारी खात्यात नोकरी करत होता आणि फावल्या वेळात तंबाखूचं दुकान सांभाळत होता. एकटाच गेलो. एका जुन्या दुकानाच्या भिंतीकडे बघत अर्धा तास उभं राहायला सोबत कोण तयार होणार?

व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी तास-सव्वा तासात पोचते. ऊझ नदीच्या काठी, साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्यांत बसलेलं हे गाव. ब्रायटनकडे जाणारा रूळ इथल्या सेंट पँक्रास मठाच्या आवारातूनच गेला आहे. १०७७च्या सुमाराचा हा मठ म्हणजे क्लूनी पंथाचा इंग्लंडमधला पहिला. आठव्या हेन्रीच्या काळात तो पाडला गेला आणि १८४५मध्ये रुळासाठी खणताना शिशाच्या दोन पेट्या निघाल्या. त्यांत मठाचा संस्थापक विल्यम द वॉरेन आणि त्याची बायको गुंड्रडा यांच्या अस्थी होत्या. किल्लाही वॉरेनचाच. १४ मे १२६४ रोजी याच गावाबाहेर बंडखोर सरदार सायमन द माँटफर्टनं राजा तिसऱ्या हेन्रीला हरवलं आणि पुढल्या जानेवारीत शहरांच्या प्रतिनिधींनाही बोलावून पार्लमेंट भरवलं. राजाला जाब विचारायची खोड या मातीत जुनी आहे म्हणायची.

स्टेशनपासून चढ चढून हाय स्ट्रीटला लागलं, की घरांच्या भिंती जवळून बघाव्यात. कित्येक भिंती गारगोटीच्या आहेत. काही मात्र विटांच्या वाटतात आणि तशा नसतात. आत लाकडी सांगाडा, त्यावर एकावर एक टांगलेली खास घडणीची कौलं आणि मधल्या फटींत चुना. लांबून विटांची चोख बांधणी वाटावी, असा हा बनाव. अठराव्या शतकात विटेचं घर म्हणजे प्रतिष्ठा, पण जुनं घर पाडायची ऐपत सगळ्यांची थोडीच होती!

याच रस्त्यावर बुल हाउस आहे. वरचा मजला रस्त्यावर झुकलेला, लाकडात कोरलेली एक वात्रट आकृती आणि १७६८ ते १७७४ या काळात पेन इथं राहिला असं सांगणारी पाटी. घरमालक सॅम्युएल ऑलिव्ह तंबाखूचा व्यापारी. तो वारल्यावर दुकान चालवायला पेन पुढे आला आणि १७७१मध्ये त्याच्या मुलीशी, एलिझाबेथशी, त्यानं लग्न केलं. नोकरी होती ती दारूच्या भट्ट्यांवर जाऊन पिंपं मोजायची, चोरट्या मालावर नजर ठेवायची. पगार वर्षाला ५० पौंड आणि घोडा पोसायचा तो त्यातूनच. ज्यांच्यावर दंड बसवायचा ते शेजारीपाजारीच असत. अशा नोकरीत माणूस लोकांना आवडता कसा राहणार, असं वाटतं. पेन राहिला. व्हाइट हार्ट या खानावळीत वादविवाद मंडळ भरे आणि सर्वांत हट्टानं वाद घालणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी होमरची एक जुनी ग्रीक प्रत पाठवली जाई. ती प्रत बहुतेक वेळा पेनकडेच जायची म्हणतात.

१७७२मध्ये त्यानं अबकारी अधिकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी एक पत्रक लिहिलं. त्याच्या ४,००० प्रती छापल्या आणि पार्लमेंटच्या सभासदांना गाठायला पेन हिवाळाभर लंडनला जाऊन बसला. त्याचं म्हणणं सरळ होतं : पोट भरत नसलेल्या माणसाला प्रामाणिकपणाचे डोस पाजून भ्रष्टाचार थांबत नाही. पार्लमेंटनं ढुंकूनही पाहिलं नाही. १७७४च्या एप्रिलमध्ये विनापरवाना गैरहजेरीबद्दल तो बडतर्फ झाला, दुकान बुडालं, घरातल्या सामानाचा लिलाव झाला, नवरा-बायको वेगळे झाले. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनची शिफारसपत्रं घेऊन त्यानं अमेरिका गाठली आणि १७७६च्या जानेवारीत त्याचं ‘कॉमन सेन्स’ हे पत्रक छापून आलं.

चरित्रकार लुइसची वर्षं बहुधा चार पानांत उरकतात. मला ती कळीची वाटतात. ‘राइट्स ऑफ मॅन’चा दुसरा भाग १७९२चा. त्यात राजसत्तेवर आसूड आहेच, पण शेवटी चक्क जमाखर्च मांडला आहे. कोणता कर किती येतो, दरबारावर किती उधळला जातो आणि त्याच पैशात गरिबांच्या मुलांचं शिक्षण नि म्हाताऱ्यांना वर्षासन कसं बसतं, याचा हिशेब. हा हात अबकारी खात्यातलाच! आता जोतीरावांचं १८८२चं हंटर आयोगापुढचं निवेदन आठवा. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे, हीच त्यांची तक्रार होती. त्यांनी ती पेनकडून उचलली, असा माझा दावा नाही. पुण्याभोवतालची रयत त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती. पण दोघांनाही समतेचा प्रश्न शेवटी हिशेबाच्या वहीत दिसला. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ जोतीरावांच्या पश्चात १८९१मध्ये निघालं, ‘राइट्स ऑफ मॅन’च्या पहिल्या भागानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी.

‘राइट्स ऑफ मॅन’पायी १७९२ साली पेनवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्या हिवाळ्यात इंग्लंडभर गावोगावी त्याचे पुतळे जाळले गेले. जाळण्याची गोष्ट निघालीच आहे तर लुइसची होळी सांगायला हवी. मेरी राणीच्या अमदानीत, १५५५ ते १५५७ या काळात, इथं सतरा प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळलं. २२ जून १५५७ रोजी तर एकाच चितेवर दहा जण होते. आजच्या टाउन हॉलसमोरची ती जागा. दर ५ नोव्हेंबरला गावातली मंडळं मशाली आणि सतरा जळते क्रूस घेऊन निघतात, पेटती डांबराची पिंपं ओढतात, पुढाऱ्यांचे पुतळे फटाक्यांनी उडवतात. पोपविरोधी फलकही अजून झळकतो. त्यावर दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी तो फलक लागतोच. साडेचारशे वर्षांपूर्वीचं वैर असं जपणं मला पटत नाही. पण हेही तेवढंच खरं, की याच गावानं २००८मध्ये स्थानिक व्यापारासाठी ‘लुइस पौंड’च्या नोटा काढल्या तेव्हा राणीऐवजी पेनचं चित्र छापलं. ग्रंथालयाबाहेर त्याचा पुतळाही उभा आहे.

बाकी गाव तासाभरात होतं. कीअर स्ट्रीटचा गोट्यांचा उतार जपून उतरावा. उतारापलीकडे ॲन ऑफ क्लीव्ह्जचं घर आहे. आठव्या हेन्रीनं विवाह रद्द करण्याच्या तडजोडीत ते तिला दिलं, ती मात्र तिथं कधी राहिलीच नाही. नदीकाठच्या हार्वेज ब्रुअरीचा माल्टचा वास पुलापर्यंत येतो.

लंडनला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आपल्या लोकांनी एक दिवस लुइससाठी काढावा, ही विनंती. फक्त ५ नोव्हेंबर टाळा. त्या संध्याकाळी रस्ते बंद असतात आणि अलीकडे गर्दीच्या भीतीनं गाड्याही लुइसला थांबत नाहीत.