लिलाव संपला, पकडीला कोण?

प्रो-कबड्डीचा लिलाव आटोपला की महाड-पोलादपूरच्या पारावर सवाल निघतो : चढाईचं ठीक, पण पकडीला कोण? २०२३ साली पुणेरी पलटणने इराणचा कोपरारक्षक शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला आणि मार्च २०२४ मध्ये अजिंक्यपद मिळवले. पुढे तो हरियाणाकडे गेला. त्या हंगामात हरियाणा अजिंक्य! म्हणजे एकाच गड्याने भागते? छे! पुण्यात त्याच्या जोडीला गौरव खत्री, अबिनेश नडराजन होते. कोपऱ्याने पाय धरला नि मध्यरक्षक धावला नाही, तर गडी निसटतोच. मैदानात ७, बाकावर ५. कोपरा जायबंदी झाला तर त्या पाचांतला कोण उभा राहील? गुरुजी, शाळेचा संघ निवडतानाही हेच आधी पाहा.