महाजालावरील शोध व कागदाचें कूळ

जुने कागद जमविणाऱ्यांच्या अंगीं एक संवय मुरलेली असते. कागद हातीं आला कीं त्याचें वळण, मायना, शिक्का व मोर्तब न्याहाळावयाचें आणि त्याच्या पोटांतूनच त्याचा खरेखोटेपणा काढावयाचा. ही संवय मोलाची खरी; परंतु महाजालावर माहिती शोधतांना तीच घात कशी करिते, हें एका प्रयोगावरून आमच्या ध्यानीं आलें.

स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनीं ४५ जणांस संगणकापुढें बसविलें. पैकीं १० पीएच्. डी. झालेले इतिहासकार, १० व्यवसायानें तथ्यपरीक्षक व २५ विद्यार्थी होते. निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकन संस्थांचीं पृष्ठें दाखवून अधिक विश्वसनीय कोणतें, असें त्यांस विचारलें. एक संस्था १९३० पासूनची व मोठी; दुसरी २००२ सालीं मतभेदानें फुटून निघालेला लहान गट. नांवें मात्र जवळजवळ सारखीं. बहुतेक विद्यार्थी फसले. तथ्यपरीक्षक एकही चुकला नाहीं. आणि इतिहासकार? त्यांतील कित्येकांनीं दोन्हीं पृष्ठें ग्राह्य ठरविलीं!

कारण असें कीं, इतिहासकार समोरचें पृष्ठ वरपासून खालपर्यंत वाचीत बसले. तथ्यपरीक्षकांनीं तें क्षणभर पाहून सोडलें आणि या संस्थेविषयीं इतर लोक काय म्हणतात, तें शोधावयास गेले. आम्हांस यांत नवें कांहींच दिसत नाहीं. वतनाच्या तंट्यांत वादीचा करिना वाचून निवाडा होत नसे, गोताची साक्ष घेतली जाई. पृष्ठावरील आत्मवृत्त हाही करिनाच होय. आपण दप्तराचें कूळ विचारल्याशिवाय कागद स्वीकारीत नाहीं, आणि पडद्यावर मात्र सुबक अक्षर पाहून विरघळतों.

दुसरी गोष्ट शब्दांची. मार्सिया बेट्स यांनीं १९८९ सालींच दाखविलें कीं शोध एका प्रश्नानें सुरू होऊन एका उत्तरानें संपत नाहीं; रानांत करवंदें वेंचावीं तसें येथें थोडें, तेथें थोडें मिळतें, व वाटेंत प्रश्नच पालटतो. समजा, एका मोडी पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ एवढाच काळनिर्देश आहे. नवखा मनुष्य प्रथम ‘जुन्या पत्रांची तारीख’ असें कांहीं तरी टंकील. त्यांतून त्यास ‘शुहूर’ हा शब्द लाभेल. त्यावरून ‘सुहूर’, ‘अरबी सन’, ‘मृगसाल’. मग इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, मिळून ११६१, हें उलगडेल. हा प्रत्येक शब्द पुढच्या दाराची किल्ली आहे. शिकणें होतें तें येथें.

धोकाही येथेंच. ‘६०० मिळवा’ एवढेंच सांगणारें उत्तर आधीं हातीं लागलें आणि शोधकानें तेवढ्यावर भागविलें तर? शुहूर वर्ष मृगास बदलतें, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व तेथून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावयाचे. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८ शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. तो याच ११६१ सालांत. सरसकट ६०० मिळविल्यास सदाशिवरावभाऊंनीं १७६० च्या आश्विनांत लिहिलेलें पत्र १७६१ च्या आश्विनांत जाऊन पडेल, आणि संग्रामानंतर नऊ महिन्यांनीं भाऊसाहेब पत्र लिहीत आहेत असा चमत्कार घडेल. तोतयाच्या प्रकरणास एवढा पुरावा पुष्कळच झाला असता!

न सांपडण्याविषयींही सावध असावें. युनिकोडांत मोडी लिपीस २०१४ सालीं स्थान मिळालें खरें. पण ज्या कागदाचें नुसतें छायाचित्र चढविलें आहे व लिप्यंतर झालेलें नाहीं, त्यांतील मजकूर शब्द टंकून सहसा हातीं लागत नाहीं. तेव्हां ‘उल्लेख नाहीं’ असें लिहिण्यापूर्वीं कोणते शब्द, कोणत्या लेखनभेदांनीं, कोणत्या दिवशीं शोधले, तें आम्ही टांचणवहींत नोंदूं लागलों आहों. शुहूर सनाच्या अंकवाचक शब्दांचे जे लेखनभेद वाचकांच्या संग्रहांतील पत्रांत आढळतील, ते त्यांनीं अवश्य कळवावे. यादी जुळवावयाची आहे.