निवड की नेमणूक?

भडकल गेटवर बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला आम्ही जातो, तेव्हा आजूबाजूचे फ्लेक्सही वाचतो. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, या फ्लेक्सवर एक वाक्य बारा महिने असते : अमुक महामंडळावर, तमुक समितीवर 'निवड' झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! वर मंत्र्याचा भला मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या रांगा आणि जागा उरलीच तर कोपऱ्यात फुले-शाहू-आंबेडकर. आम्हाला प्रश्न पडतो, ही निवड केली कुणी? मतदान कधी झाले? वस्तीची बैठक कधी बसली? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. निवड झालेलीच नसते. झालेली असते ती नेमणूक.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. निवडून आलेल्या माणसाला निदान पाच वर्षांनी लोकांच्या दारात यावे लागते. नेमलेल्या माणसाला फक्त नेमणाऱ्याच्या दारात जावे लागते. तिथेच त्याची जीभ अडकते.

महामंडळ मिळाले की गाडी येते, दालन येते, मानधन येते आणि अध्यक्षपद असेल तर अनेकदा राज्यमंत्र्याचा दर्जाही येतो. गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, पण दर्जाचा मोह काही गेला नाही. सरकार बदलले की जुन्या नेमणुका रद्द होतात आणि नव्या याद्यांची चर्चा सुरू होते. ही चर्चा महिनोन् महिने चालते, कधी वर्षानुवर्षे. जागा रिकाम्याच राहतात. लोकांना वाटते, सरकारला वेळ नाही. आम्हाला तसे वाटत नाही. भरलेल्या जागेने एक माणूस गप्प होतो. रिकाम्या जागेने तिच्या आशेवर बसलेले पन्नास जण गप्प होतात. कालपर्यंत क्रांती चौकात मोर्चाच्या पुढे असणारा कार्यकर्ता अचानक मवाळ बोलू लागला, तर त्याचे नाव कुठल्या यादीत आहे, एवढेच विचारावे.

हा धंदा एकट्या महाराष्ट्राचा नाही. ज्या इंग्लंडकडून आपण संसदीय रीती घेतल्या, तिथे तो फार जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात पंतप्रधान झालेल्या लॉइड जॉर्ज यांच्या कारकिर्दीत किताब उघड विकले गेले. बोभाटा एवढा झाला की १९२५ मध्ये किताबांच्या गैरव्यवहाराविरुद्ध कायदा करावा लागला. त्या कायद्याखाली १९३३ मध्ये माँडी ग्रेगरी नावाच्या दलालाला शिक्षा झाली. खरेदी करणारे आणि वाटणारे मात्र सुटले. २००६ मध्ये तेच प्रकरण पुन्हा वर आले. सत्तारूढ मजूर पक्षाला गुपचूप मोठी कर्जे देणाऱ्या धनिकांची नावे उमरावांच्या सभागृहासाठी पुढे केली गेली होती. पोलिसांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचीही चौकशी केली. शेवटी जुलै २००७ मध्ये कुणावरही खटला भरायचा नाही असे ठरले. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशाची ही कथा!

याच दुकानाची शाखा इंग्रजांनी हिंदुस्थानात चालवली. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, सर. सरकारशी इमान राखणाऱ्याला पदवी मिळायची आणि पदवी मिळालेला सरकारविरुद्ध बोलताना दहादा विचार करायचा. त्याच काळात, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत जनतेने सभा भरवून जोतीरावांना 'महात्मा' म्हटले. त्यासाठी कुठल्या गव्हर्नराची सही लागली नाही. आज त्या रावबहादुरांची नावे कुणाला आठवतात? महात्मा फुले मात्र घराघरात आहेत.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने कलम १८ मध्ये हे दुकान बंद केले. राज्यसंस्था कुणालाही किताब देणार नाही, अपवाद फक्त सैनिकी आणि शैक्षणिक बहुमानाचा. यातला दुसरा अपवाद बाबासाहेबांच्या आयुष्याशी कसा जुळतो ते पाहावे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या शेजारी बसणारे कित्येक सहकारी 'सर' होते. बाबासाहेब 'डॉक्टर'च राहिले. ती पदवी त्यांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्धपोटी राहून, अभ्यास करून मिळवली होती. ती कुणाच्या मेहेरबानीची नव्हती, म्हणून ती काढून घेण्याची धमकीही कुणी देऊ शकत नव्हते.

कुणी म्हणेल, बाबासाहेबही नेमलेलेच आमदार होते. होय, होते. पण हा इतिहास पूर्ण वाचावा लागतो. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देतानाच त्यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने नेमण्याला विरोध केला होता. आमची माणसे आम्ही निवडू, असे त्यांचे म्हणणे होते. १९२६ च्या अखेरीस गव्हर्नरने त्यांना मुंबई विधिमंडळावर नेमले. १८ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी शपथ घेतली आणि थोड्याच दिवसांत सरकारच्या अंदाजपत्रकावर टीका केली. २० मार्चला ते महाडला चवदार तळ्यावर उभे होते. पुढच्या वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी महारांना गावकीच्या गुलामीतून सोडवण्यासाठी वतन सुधारणेचे विधेयक मांडले. त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी नेमणुकीच्या पद्धतीविरुद्ध पुन्हा भूमिका मांडली. ज्या खुर्चीवर ते बसले होते, ती खुर्चीच चुकीच्या रीतीने भरली जाते, असे खुर्चीवर बसून सांगणारा माणूस! आणि सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडले, मागासवर्गीयांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी दिला. बाबासाहेबांचे नाव घेऊन महामंडळावर बसणाऱ्यांनी हा राजीनामाही वाचावा.

आता आपल्या दारातले उदाहरण घेऊ. संविधानाच्या कलम १७१ नुसार राज्यपाल विधान परिषदेवर काही सदस्य नेमतात. महाराष्ट्रात अशा बारा जागा आहेत. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी त्या आहेत. याच जिल्ह्यातल्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर १९७८ मध्ये या वाटेने सभागृहात गेले आणि शेती-पाण्यावर बोलले. म्हणजे तरतूद वाईट नाही. तिचे काय झाले ते पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ती यादी मागे घेतली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांचा शपथविधी उरकला गेला आणि त्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. त्या सातांत पक्षांचे पदाधिकारी होते, माजी खासदार होते, ज्येष्ठ मंत्र्यांचे चिरंजीव होते. विज्ञान आणि साहित्य कुठे होते, ते ज्याला दिसले त्याने आम्हाला कळवावे.

या भांडणात मराठवाड्याचे काय गेले? औरंगाबादेत कार्यालय असलेले मराठवाडा वैधानिक विकास मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले होते. निधीचे न्याय्य वाटप आणि मागासलेल्या भागाचा अनुशेष यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेतच सांगून टाकले की, राज्यपालांनी बारा नावे जाहीर केली की दुसऱ्या दिवशी मंडळे जाहीर करू. म्हणजे बारा जणांच्या आमदारकीसाठी दुष्काळी मराठवाडा गहाण! राज्यपालांनी नावे अडवली, सरकारने मंडळे अडवली. आपल्याकडचे किती नेते त्या दिवशी रस्त्यावर आले?

याहून लहान, पण आपल्या जिवाशी जास्त भिडणारी जागा दुसरीच आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिची बैठक दर तीन महिन्यांनी झालीच पाहिजे. तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सदस्य नेमले जातात. गुन्हा नोंदवायला उशीर का झाला, आरोपपत्र का रखडले, पीडितांना मदत का मिळाली नाही, हे विचारायची ती जागा. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत आपली घरे जळाली. त्या मराठवाड्यात या समितीचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. इथला सदस्य आमदाराच्या शिफारसपत्रावर आला असेल आणि आरोपी त्याच आमदाराच्या गावचे पुढारी असतील, तर तो बैठकीत तोंड उघडेल काय? तो चहा-बिस्कीट घेऊन सही करून बाहेर पडेल. आणि चौकात फ्लेक्स मात्र लागलेला असेल : 'निवड' झाल्याबद्दल अभिनंदन.

कांशीराम यांनी पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, 'चमचा युग' हे पुस्तक लिहिले. चमचा स्वतःच्या हाताने चालत नाही, तो दुसऱ्याच्या हातात असतो. आमचा राग त्या हातावर तर आहेच. पण चमचा झालेल्या आपल्या माणसाला हार घालायला जी गर्दी जमते, त्या गर्दीत आम्हीही कधी कधी उभे असतो. ही कबुली दिली पाहिजे.

म्हणून बांधवांनो, पद घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. सत्तेच्या जागा रिकाम्या सोडणे हे शहाणपण नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला पद मिळाले त्याने वस्तीच्या विहारात वर्षातून एकदा हिशेब द्यावा. किती बैठकांना गेलो, काय विचारले, इतिवृत्तात काय नोंदले, किती जणांचे कर्ज मंजूर झाले, किती पीडितांना मदत मिळाली. हिशेब पटला तर हार घालू, नाही पटला तर तोंडावर सांगू. आणि सरकारला विचारू की, कुणाला कोणत्या कामासाठी नेमले ते कारणांसह जाहीर करा.

तोवर फ्लेक्स लावणाऱ्यांनी शब्द तरी खरा वापरावा. 'नेमणूक झाल्याबद्दल' असे लिहावे. आणि नेमणाऱ्याचा फोटो वर आहेच, तर ज्यांच्या नावाने ही जागा मिळाली त्या वस्तीचे नावही खाली टाकावे. म्हणजे उद्या हिशेब मागायला कुणी यायचे, ते सगळ्यांना कळेल.

जयभीम!