वस्तरा, अंबाडा आणि शिरस्त्राण

सैन्यात भरती झालेल्या तरुणाच्या हाती बंदूक येण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरून न्हाव्याचे यंत्र फिरते. अमेरिकेच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रांत हा विधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण रांगेने खुर्चीवर बसतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत प्रत्येकाचे केस जमिनीवर पडतात. शेतकऱ्याचा मुलगा कोणता आणि वकिलाचा कोणता, हे उठताना ओळखू येत नाही. त्याच दिवशी त्याच सेनेत दाखल झालेल्या तरुणीचे डोके मात्र भादरले जात नाही. तिने केस राखावेत, पण ते नीट बांधून ठेवावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. शपथ एक, वेतन एक, शिस्त एक. मग डोक्यापुरते दोन नियम का?

प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. परंतु ज्याचे आयुष्य नियमांच्या सहवासात गेले आहे, त्याला एक गोष्ट अनुभवाने कळते. मोठ्या नियमामागचे कारण कोणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवलेले असते. लहान नियमामागचे कारण सर्वांनी मनातल्या मनात गृहीत धरलेले असते. समाजाची गृहीते शोधायची असतील तर लहान नियमांकडेच पाहावे. सैनिकाच्या केसांचा नियम हा असाच एक लहान नियम आहे.

प्रथम पुरुषांचेच पाहू. सैनिकाने केस आखूड ठेवावेत याची तीन कारणे सांगितली जातात. पहिले आरोग्याचे: बराकीत दाटीने राहणाऱ्या शेकडो माणसांत उवा आणि त्वचेचे रोग झपाट्याने पसरतात. दुसरे सुरक्षिततेचे: केस यंत्रात अडकू नयेत, शत्रूच्या हाती सापडू नयेत, विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा. हे कारण फार जुने आहे. शिकंदराने लढाईपूर्वी आपल्या सैनिकांना दाढ्या काढण्याची आज्ञा दिली, कारण शत्रूला धरायला दाढीसारखी सोयीची जागा नाही, असे प्लुटार्क लिहितो. तिसरे कारण शिस्तीचे आणि रूपाचे: सैनिक सैनिकासारखा दिसला पाहिजे.

पहिली दोन कारणे पारखून घेता येतात. तिसऱ्याचे तसे नाही. सैनिकासारखे दिसणे म्हणजे काय, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलते. ब्रिटिश सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वरचा ओठ भादरण्यास बंदी होती. मिशी हा नियमच होता. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९१६ मध्ये, ही सक्ती उठली. त्याच सैन्याने दाढीस परवानगी दिली ती २०२४ मध्ये. मिशीवाचून सैनिक शोभत नाही असे मानणारे आणि दाढीने सैनिक शोभत नाही असे मानणारे, दोघेही आपापल्या काळी तितक्याच ठामपणे बोलत होते. आपल्याकडील शीख पलटणींचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. दोन्ही महायुद्धांत हे जवान केस न कापता, दाढी न काढता लढले, आणि त्यांच्या शिस्तीबद्दल कोणीही शंका घेतली नाही. केस कापल्याने शिस्त येते हे म्हणणे तेथेच संपते.

आता स्त्रियांकडे वळू. ऊ स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही, यंत्राचे चाकही करीत नाही. आरोग्य आणि सुरक्षितता एवढाच विचार असता, तर दोघांना एकच नियम लागू झाला असता. म्हणजे भेद आला तो तिसऱ्या कारणातून, रूपाच्या कल्पनेतून. स्त्रीच्या डोक्यावर वस्तरा फिरवण्यास सेनाधिकारी का धजले नाहीत, हे समजणे मराठी माणसाला मुळीच कठीण नाही. आपल्याकडे विधवेचे केशवपन ही गोष्ट फार जुन्या काळची नव्हे. तिच्या मस्तकावरून वस्तरा फिरे तो तिला संसारातून, सणासमारंभांतून, किंबहुना माणसांतून उठवण्यासाठी. या अन्यायाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत नाभिक बांधवांचा संप घडवून आणला. विधवांच्या केसांना आम्ही हात लावणार नाही, असा निर्धार त्या कारागिरांनी केला. युरोपही या बाबतीत मागे नव्हता. १९४४ मध्ये फ्रान्स मुक्त झाला, तेव्हा जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो फ्रेंच स्त्रियांची भर चौकात डोकी भादरण्यात आली.

वस्तरा एकच, पण तो तरुणाच्या डोक्यावरून फिरला की त्याला एका समूहात घेतो, आणि स्त्रीच्या डोक्यावरून फिरला की तिला समूहाबाहेर टाकतो, असा त्याचा अर्थ शतकानुशतके लागत आला. सैन्याने नव्याने आलेल्या तरुणीला वस्तऱ्यातून वगळले, त्यामागे हा अर्थ आहे. त्यात दाक्षिण्य नव्हते असे नाही.

परंतु दाक्षिण्याला दुसरी बाजू असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्त्रियांना मोठ्या संख्येने सैनिकी सेवेत घेतले, ते पुरुषांना आघाडीवर जाण्यास मोकळे करावे म्हणून. त्यांनी टंकलेखन करावे, दूरध्वनी सांभाळावेत, मोटारी चालवाव्यात. युद्ध संपताच घरी परतावे, अशी कल्पना होती. गणवेश घातला तरी त्यांचे स्त्रीत्व लोकांना दिसत राहावे, याची काळजी सैन्यच वाहत होते. मरीन दलातील स्त्रियांसाठी एलिझाबेथ आर्डेन या प्रसाधन कंपनीने ‘माँटेझुमा रेड’ नावाची खास ओठरंगाची छटा काढली. ती त्यांच्या टोपीवरील लाल दोरीशी जुळणारी होती. पुढे कित्येक वर्षे या दलात नव्याने येणाऱ्या तरुणींना प्रशिक्षणातच चेहऱ्याच्या प्रसाधनाचे धडे दिले जात. एकाच दलात पुरुषाचे रूप पुसून टाकण्याचा विधी होता आणि स्त्रीचे रूप जपण्याचा वर्ग होता. १९४८ च्या कायद्याने अमेरिकेत स्त्रियांना सैन्यात कायम स्थान मिळाले, तेही एकूण बळाच्या दोन टक्क्यांची मर्यादा घालून. ही मर्यादा १९६७ पर्यंत टिकली. केसांचा नियम आणि दोन टक्क्यांचा नियम हे एकाच मनाचे दोन हुकूम होते. स्त्री येथे पाहुणी आहे, असे ते मन समजत होते.

पाहुणीचे काम बदलले, तेव्हा नियमातील विसंगती उघडी पडली. केस लांब ठेवण्याची मुभा होती, पण ते मानेमागे घट्ट अंबाड्यात बांधावे लागत. कचेरीत याने काही बिघडत नसे. मैदानात मात्र शिरस्त्राण घालून जमिनीवर पालथे पडायचे आणि मान वर करून नेम धरायचा, की शिरस्त्राणाची मागची कड अंबाड्यावर अडे आणि पुढची कड डोळ्यांवर घसरे. शिरस्त्राण घडवणाऱ्याने अंबाडा लक्षात घेतला नव्हता आणि अंबाड्याचा नियम करणाऱ्याने शिरस्त्राण. ज्या सवलतीने स्त्रीचा मान राखला, तिनेच तिची दृष्टी झाकली. रोज केस ओढून बांधल्याने डोके दुखणे, केसांची मुळे सैल होऊन ते गळणे, अशा तक्रारीही वाढल्या.

हा नियम सर्व स्त्रियांवर सारखा पडत नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचे केस दाट आणि कुरळे असतात. ते गुळगुळीत अंबाड्यात बसत नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकी भूसेनेने काही प्रकारच्या बारीक वेण्यांना आणि पिळांना मनाई केली, तेव्हा मोठा असंतोष उसळला. त्याच वर्षी नियमांचा फेरविचार होऊन काही बंधने सैल करावी लागली, आणि त्या केसांविषयी नियमात वापरलेले हिणकस शब्दही काढून टाकावे लागले. ज्यांनी नियम लिहिला त्यांच्या नजरेसमोर एकाच प्रकारचे केस होते, हे त्यावरून उघड झाले.

ऑगस्ट २०१५ मध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर या दोन अधिकारी स्त्रियांनी भूसेनेच्या ‘रेंजर’ विद्यालयाचा अत्यंत खडतर शिक्षणक्रम पुरा केला. असे करणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी आपल्या पुरुष सोबत्यांप्रमाणेच डोकी भादरून घेतली होती. मौज अशी, की स्त्रियांचे केस पाव इंचाहून आखूड असू नयेत, असे भूसेनेचा सामान्य नियम त्या काळी सांगत होता. पुरुषाने केस वाढवणे हा जसा दोष, तसा स्त्रीने ते पूर्ण काढणे हाही दोष. वर्षानुवर्षे अपमानाचे चिन्ह असलेले मुंडण या दोघींच्या बाबतीत मात्र मानाचे ठरले.

यानंतर बदल वेगाने झाले. नौदलात नव्याने येणाऱ्या तरुणींना केस आखूड कापणे भाग असे; ती सक्ती २०१८ मध्ये उठली. २०२१ च्या आरंभी वायुदलाने स्त्रियांना एक-दोन वेण्या किंवा मागे बांधलेला केसांचा झुपका ठेवण्यास परवानगी दिली, आणि ती देताना डोकेदुखी व केसगळती ही कारणे स्पष्टपणे नमूद केली. त्याच वर्षी भूसेनेने पाव इंचाची अट काढून टाकली आणि केसांच्या झुपक्यास मान्यता दिली. नियम पुढेही बदलत राहतील. लक्षात ठेवण्यासारखे एवढेच, की या वेळी नियम बदलताना प्रथमच शिरस्त्राण कसे बसते हे विचारले गेले.

पुरुषांची बाजूही ऐकली पाहिजे. स्त्रीला लांब केस ठेवता येतात, तर मला का नाही, असे एखाद्या तरुण सैनिकाने विचारले तर त्याला काय सांगावे? जर्मनीत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. तेथे १९७१ मध्ये, हेल्मुट श्मिट संरक्षणमंत्री असताना, सैनिकांना लांब केस ठेवण्याची मुभा मिळाली. अट एवढीच, की कामाच्या वेळी जाळी घालावी. सुमारे ७,४०,००० जाळ्या मागवण्यात आल्या, परदेशी पत्रकारांनी यथेच्छ थट्टा केली, आणि १९७२ मध्ये हुकूम मागे घेण्यात आला. २००१ पासून जर्मन सैन्याच्या सर्व शाखा स्त्रियांना खुल्या झाल्या आणि लांब केसांचा प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. २०१३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा भेद ग्राह्य धरला: स्त्रियांनी सैन्यात यावे यासाठी ही सवलत उपयोगी आहे, असे त्याचे म्हणणे होते. परंतु २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक मूलभूत गोष्ट सांगितली. माणसाचे केस आणि दाढी ही त्याच्या व्यक्तित्वाचा भाग आहेत. सैनिक गणवेश उतरवून घरी जातो तेव्हाही केस त्याच्याबरोबर जातात. म्हणून त्यावर बंधन घालायचे तर मंत्रालयाचे परिपत्रक पुरेसे नाही, कायद्याचा आधार हवा. २०२१ मध्ये जर्मन संसदेने तसा कायदा केला.

या निकालात मला या सर्व वादाची किल्ली दिसते. नियम कडक असावा की सैल, हा नंतरचा प्रश्न आहे. नियमाने आपले कारण सांगितले पाहिजे, हा पहिला. ‘मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे’ हे कारण आहे, आणि ते स्त्री-पुरुष दोघांनाही सारखे बांधते. ‘शिरस्त्राण डळमळता कामा नये’ हेही कारण आहे. ‘पुरुष असा दिसतो आणि स्त्री अशी दिसते’ हे कारण नव्हे, ती सवय आहे. सवयीलाही सैन्यात काही मोल असते; नव्या जवानाला नव्या जीवनात आणणारा एखादा विधी असावा, यात गैर काही नाही. पण तो विधी असाच असावा, ज्यातून तरुण आणि तरुणी दोघेही उंच होऊन बाहेर पडतील. समतेच्या नावाखाली तरुणींवर वस्तऱ्याची सक्ती करणे जितके अविचाराचे, तितकेच कारण न सांगता तरुणांवर ती चालू ठेवणे आळसाचे.

हा विचार आपल्यासाठी दूरचा राहिलेला नाही. मे २०२१ मध्ये बंगळूर येथे लष्करी पोलीस दलातील स्त्री-जवानांची पहिली तुकडी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडली. तीत ८३ जणी होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दरवाजे मुलींना उघडले, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ छात्रा तेथून उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या मागून आणखी कितीतरी येणार आहेत. बूट, पाठपिशवी, शिरस्त्राण आणि केस यांविषयीचे नियम त्यांच्यासाठी कोणीतरी लिहीलच. लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी एकदा त्या मुलीला शिरस्त्राण घालून जमिनीवर पालथे पडायला सांगावे, आणि समोरचे लक्ष्य तिला दिसते की नाही, हे विचारावे.